पांढरे डाग

आपल्या हातून घडलेली चूक आपल्याला पुष्कळदा दुसऱ्याच्या हातात दिसते. हे मी वर्गात अनेकदा सांगितले असेन; पण त्याचा अर्थ मला एका मोटारीच्या काळ्या पट्टीने शिकवला.

गोष्ट २०२३ सालची. पुण्यात आमच्या सोसायटीत दसऱ्याची तयारी चालली होती. पन्नाशी ओलांडल्यावर मी आयुष्यातली पहिली मोटार घेतली होती. ती दुसऱ्याने वापरलेली होती, तरी मला तिचे अप्रूप होते. पूजेच्या दिवशी ती आरशासारखी चमकावी, या हौसेने मी मेणाचा डबा आणला. या मेणात कार्नोबा असतो, म्हणजे ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका ताडाच्या पानांवरून मिळणारे मेण. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, मावळत्या उजेडात, मी ते साऱ्या गाडीला फासले. बंपर आणि दारांखालच्या काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्याही सोडल्या नाहीत.

सकाळी झेंडूचा हार घेऊन खाली आलो, तर उन्हात त्या काळ्या पट्ट्यांवर पांढरट डाग उमटलेले! रोज पहाटे गाडी पुसणारा तरुण जवळच उभा होता. मी रखवालदारासमोर आणि शेजाऱ्यांसमोर त्याला म्हणालो, "कसलं घाणेरडं फडकं वापरलंस?" तो एवढेच म्हणाला, "सर, मी फक्त ओल्या फडक्यानं पुसली." मी ऐकून घेतले नाही. उद्यापासून येऊ नकोस, असेही सांगून टाकले.

मग मी डागांवर खोबरेल तेल चोळले. पट्ट्या काळ्याभोर झाल्या. आपल्याला उपाय सापडला, या समाधानात मी पूजा केली, आपट्याची पाने वाटली. तिसऱ्या दिवशी पाहतो तो तेल ओसरलेले, त्यावर धूळ बसलेली आणि डाग पूर्वीपेक्षा मळकट झालेले. डाग गेलेच नव्हते. ते केवळ झाकले गेले होते.

त्याच सकाळी तो तरुण हिशेबाचे पैसे मागायला आला. माझे बोलणे ऐकून आणखी दोन घरांनी त्याचे काम थांबवले होते, हे मला तेव्हा कळले. पैसे घेताना त्याची नजर गाडीकडे गेली. त्याने पट्टीवरून बोट फिरवले आणि विचारले, "सर, हे मेण आहे. तुम्ही लावलं होतं का?"

मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "निघेल. काढून देऊ?"

मी थिनरची बाटली आणायला निघालो. त्याने मला थांबवले. थिनरने शेजारचा रंग खराब झाला असता आणि प्लॅस्टिकचाही पोत बिघडला असता. त्याने मागितल्या त्या वस्तू घरातल्याच होत्या: कोमट पाणी, भांडी घासण्याचा थोडा द्रव साबण, दातांचा जुना मऊ ब्रश आणि दोन स्वच्छ सुती फडकी. ब्रश गोल गोल फिरवत तो मला समजावू लागला. रंगवलेला पत्रा काचेसारखा गुळगुळीत असतो, म्हणून त्यावरचे मेण पुसता येते. ही पट्टी मात्र खरबरीत असते. तिच्या बारीक खळग्यांत मेण शिरते आणि सुकून पांढरे दिसते. फडके वरवरून फिरते. खळग्यांत पोहोचतो तो ब्रशच.

काही डाग हट्टी होते. त्यांच्यासाठी त्याने केस वाळवण्याचे यंत्र मागितले. गरम हवा एका जागी न ठेवता तो ती सतत पुढेमागे फिरवत होता. मेण वितळवायचे नव्हते, फक्त मऊ करायचे होते; हवा एकाच ठिकाणी धरली असती, तर पट्टीच वाकडी झाली असती. मऊ झालेले मेण तो लगेच टिपून घेई आणि प्रत्येक वेळी फडक्याची कोरी बाजू वापरी. "मळलेल्या बाजूनं पुसलं, तर तेच मेण परत लागतं," तो म्हणाला. तासाभरात पट्ट्या मूळच्या रंगावर आल्या. "पुढच्या वेळी आधी इथं कागदी चिकटपट्टी लावा," एवढे सांगून तो हात धुऊ लागला.

हे सारे तो एका गॅरेजमध्ये उस्तादांच्या हाताखाली शिकला होता. आठवीत शाळा सुटली होती. हात पुसता पुसता त्याने मेणाचा डबा उचलला आणि विचारले, "सर, यावर इंग्रजीत काय लिहिलंय?" मी चष्मा लावला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सूचना होती: काळ्या, खरबरीत प्लॅस्टिकवर लावू नये.

ती सूचना मला वाचता येत होती, पण मी ती वाचली नव्हती. त्याला ती वाचता येत नव्हती, पण ठाऊक होती.

मी त्याची क्षमा मागितली. पण तेवढ्याने काय होणार? आरोप चारचौघांत केला होता, क्षमा मात्र एकांतात मागत होतो. हेही वरून तेल लावण्यासारखेच होते. म्हणून त्याला बरोबर घेऊन मी आधी रखवालदाराकडे आणि मग त्या दोन्ही घरी गेलो. "चूक माझी होती," हे तीन शब्द प्रत्येक दारात उच्चारताना जीभ जड होत होती. एका घरी त्याला काम परत मिळाले. दुसऱ्या घरी तोवर दुसरा माणूस ठेवला गेला होता. तो डाग मला पुरता काढता आला नाही.

आता तो पुन्हा आमची गाडी पुसतो. कधी एखादा डबा किंवा बाटली घेऊन येतो आणि त्यावरची अक्षरे मला विचारतो. मी ती त्याला लावून दाखवतो. वाचून झाल्यावर मीही त्याला एक प्रश्न न चुकता विचारतो, "हे खरं आहे का रे?"