एका गाण्याचे पाठभेद

पाठचिकित्सेच्या मुळाशी एक श्रद्धा असते. कधीकाळी एक शुद्ध संहिता होती, नकलाकारांच्या हातून ती बिघडत गेली, आणि अभ्यासकाने मागे मागे जात तिच्या शक्य तितके जवळ पोहोचावे, अशी ती श्रद्धा. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच श्रद्धेने. आपण वर्गांतून पाठभेद शिकतो-शिकवतो तेही याच श्रद्धेने. पण ज्या कृतीची पहिली प्रतच सर्वांत दुबळी आहे, तिच्या बाबतीत मागे जाऊन हाती काय लागणार? आमच्यापुरता हा प्रश्न एका अमेरिकन रॉक गाण्याने उभा केला.

‘ग्रेटफुल डेड’ हा सॅन फ्रान्सिस्को परिसरात १९६५ साली जमलेला बँड. त्यांचे ‘डार्क स्टार’ हे गाणे एप्रिल १९६८ मध्ये छोट्या तबकडीवर आले तेव्हा ते तीन मिनिटांहूनही कमी लांबीचे होते. शब्द रॉबर्ट हंटर यांचे. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना त्यातल्या एका आमंत्रणात एलियटच्या ‘प्रुफ्रॉक’ची सुरुवात ऐकू येते, आणि ती येणे साहजिक आहे. दोन कडवी, त्यांना जोडणारे पालुपद आणि शेवटी एक बँजो. तबकडी फारशी खपली नाही. गाणे तिथेच संपले असते तर त्याच्याविषयी लिहिण्याचे कुणालाच कारण नव्हते.

ते संपले नाही, कारण मंचावर ते उघडे ठेवले गेले. त्याचा सांगाडा अगदी साधा: दोन स्वरसंघातांचे आंदोलन आणि बासवर उतरत येणारी, चटकन ओळखू येणारी एक स्वराकृती. त्याचे स्वर आपल्या खमाज थाटाशी जुळतात. म्हणूनच की काय, कॉलेजच्या दिवसांत एका मित्राच्या भावाने अमेरिकेहून आणलेल्या कॅसेटवर ते प्रथम ऐकताना आम्हांला परके वाटले नाही. त्या कॅसेटवर होते ते २७ फेब्रुवारी १९६९ च्या रात्री ‘फिलमोर वेस्ट’मध्ये मुद्रित झालेले, ‘लाइव्ह/डेड’ या संचातले सुमारे २३ मिनिटांचे रूप. कडवी तीच, पण आता ती दोन मैलांच्या दगडांसारखी दूर दूर उभी, आणि मधला सारा रस्ता वाद्यांचा. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला याचे नवल वाटू नये. बंदिशीचे शब्द चार ओळींचे असतात आणि गाणे तासाचे होते.

अर्थात, ही तुलना फार ताणू नये. ख्यालात बढतीची वाट परंपरेने आखून दिलेली असते; इथे ती वाट वादकांच्या आपसातल्या ऐकण्यातून त्या त्या रात्री सापडे किंवा हुकेही. म्हणूनच मंचावर कोण आहे याला महत्त्व येते. १९६९ च्या रूपात दोन ड्रमवादक आहेत. त्यांतला मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडे शिकलेला. त्याच संचातले ‘द इलेव्हन’ हे गाणे अकरा मात्रांत बांधलेले आहे हे कळल्यावर आम्ही टेबलावर बोटांनी मात्रा मोजत ते पुन्हा ऐकले होते. १९७१ च्या आरंभी हार्ट बाहेर पडला. त्याच वर्षी कीथ गॉडशो हा पियानोवादक आला. एकच ड्रमवादक उरल्याने लय हलकी झाली, वळणे चपळ झाली. ११ मे १९७२ ला रॉटरडॅममध्ये हेच गाणे पाऊण तासाच्या वर गेले. २७ ऑगस्टला ऑरेगॉनमधल्या व्हेनेटा येथे, केन केसीच्या कुटुंबाच्या दुग्धालयासाठी भर उन्हात केलेल्या मदतीच्या कार्यक्रमात, ते अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर ‘एल पासो’ या सरळसाध्या काउबॉय गाण्यात जाऊन उतरले. याच काळात कित्येकदा दुसरे कडवे गायलेच जात नसे. अंतरा सोडून देण्याचीच ही तऱ्हा! शब्द आटत गेले आणि गाणे वाढत गेले.

मग एक विलक्षण गोष्ट झाली. १९७४ च्या ऑक्टोबरात बँडने मोठी विश्रांती घेतली. तो परतला तरी हे गाणे परतले नाही. १९७८ च्या अखेरच्या रात्री, विंटरलँड सभागृह बंद होताना ते वाजले; नंतर अगदी तुरळक. १३ जुलै १९८४ नंतर पाच वर्षे तर अजिबात नाही. इकडे श्रोते कार्यक्रमांच्या ध्वनिफिती करून आपसांत देत-घेत होते. १९८४ च्या ऑक्टोबरपासून तर बँडनेच त्यांना सभागृहात वेगळी जागा दिली. म्हणजे मंचावर गाणे मुके असताना त्याच्या जुन्या प्रती घरोघर फिरत होत्या. प्रत्येक प्रतीला तारीख, गाव आणि भक्त. कोणती प्रत प्रमाण, यावर वाद. संप्रदाय उभा राहतो तो असाच.

इथे आम्हांला आमच्या आत्याविषयी सांगणे भाग आहे. ती ख्याल शिकली होती. तिची यमनमधली एक बंदिश आमच्या घरात सणावारी ठरलेली असे. साठीच्या सुमारास तिला अर्धांगाचा झटका आला. बोलणे परतले, तान परतली नाही. पुढे ती तीच बंदिश गाई, पण फक्त स्थायी, अतिशय सावकाश; निषादावर इतकी थांबे की ऐकणाऱ्याला वाटावे, आता हे पुढे जाणारच नाही. नातेवाईक जमले की तिची जुनी कॅसेट लावत आणि ‘काय गळा होता!’ म्हणत. आत्या तेव्हा चहा ठेवण्याच्या निमित्ताने आत जाई. एकदा मात्र कपबशा मांडता मांडता ती म्हणाली, “ती बाई छान गायची रे. पण आज मला जे ठाऊक आहे, ते तिला कुठे ठाऊक होतं?”

गाण्यावरच्या कोणत्याही समीक्षेपेक्षा हे वाक्य आम्हांला अधिक उपयोगी पडले आहे. जुलै १९८६ मध्ये बँडचा गिटारवादक जेरी गार्सिया मधुमेहामुळे कोमात गेला होता. शुद्धीवर आल्यानंतर त्याला गिटार जवळजवळ पुन्हा शिकावी लागली. ९ ऑक्टोबर १९८९ ला व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन येथे ‘डार्क स्टार’ परतले ते या पुन्हा शिकलेल्या हातांतून. मुद्रणात पहिले काही स्वर ओळखताच उठलेला श्रोत्यांचा कल्लोळ ऐकू येतो. आवाज थकलेला आहे. गिटारमधून यंत्राच्या साह्याने मधेच बासरीचे, मधेच तुतारीचे ध्वनी निघतात. १९७२ च्या भक्तांना ते खटकतात. आमचेही कान १९७२ वरच घडलेले आहेत आणि ती पसंती आम्ही बदललेली नाही. परंतु १९८९ ला ‘भ्रष्ट पाठ’ म्हणायला आमची जीभ धजत नाही. व्हेनेटातल्या तिशीच्या माणसाला ताऱ्याचे विझणे ही एक सुंदर प्रतिमा होती. हॅम्प्टनमधल्या माणसाने ते जवळून पाहिले होते. शब्द एकही बदलला नाही, म्हणणारा बदलला.

पुढेही गाणे नवे काही सामावून घेत राहिले. मार्च १९९० मध्ये ब्रॅनफर्ड मार्सालिसचा सॅक्सोफोन त्यात आला. ३१ ऑक्टोबर १९९१ ला, कार्यक्रमांचे संयोजक बिल ग्रॅहम अपघातात गेल्यानंतर काही दिवसांनी, केन केसीने या गाण्याच्या मध्यातच ई. ई. कमिंग्जची मृत्यूवरची कविता म्हटली. म्हणजे मधला मोकळा रस्ता शोकसभेलाही पुरेसा रुंद होता. ३० मार्च १९९४ ला अटलांटात ते शेवटचे वाजले; ९ ऑगस्ट १९९५ ला गार्सिया गेला.

जॉन ऑस्वाल्ड या कॅनेडियन संगीतकाराने १९६८ ते १९९३ या काळातल्या शंभराहून अधिक सादरीकरणांचे तुकडे एकमेकांवर रचून ‘ग्रेफोल्डेड’ ही कृती केली. तीत तरुण आणि थकलेला गार्सिया एकाच वेळी वाजवतात. संपादनाची ही पद्धत विचार करण्याजोगी आहे: इथे पाठभेद तळटीपेत ढकललेले नाहीत, सगळे एकदम बोलतात. तरीही ते ऐकताना आम्हांला काहीतरी हरवल्यासारखे वाटते, आणि ते काय हे आत्यामुळे उमगते. त्या गाण्याला क्रम होता. १९८९ ला अर्थ आहे तो १९७२ आधी घडले म्हणून, आणि मधे इतकी वर्षे शांतता होती म्हणून.

ज्ञानेश्वरीसाठी आपल्याला एकनाथांची गरज आहेच. ती कुणी नाकारू नये. मात्र काही कृती अशा असतात की त्यांची शुद्ध प्रत शोधू जाता आयुष्यच वगळले जाते. अशा कृतीपुढे अभ्यासकाने तारखा नीट लावाव्यात, एकेक रूप सबंध ऐकावे आणि थकलेल्या रूपापाशी थोडे अधिक थांबावे.