शहाडच्या रस्त्याने नाणेघाट आणि म्हशाची जत्रा

कल्याण सोडून कसाऱ्याकडे निघाले की पहिले स्टेशन शहाड. रेयॉनचा कारखाना आणि बिर्लांचे विठ्ठलमंदिर, एवढीच बहुतेकांची शहाडची ओळख. पण वाचकहो, पौष पौर्णिमेच्या सुमारास पोराबाळांना घेऊन शहाडला उतरलात, तर विठ्ठलाला हात जोडून लगेच परत फिरू नका. स्टेशनालगतच मुरबाडचा रस्ता जातो. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरातला माल याच दिशेने निघे आणि नाणेघाट चढून जुन्नरला, तेथून पुढे पैठणला जाई. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासपुस्तकात कल्याणचे नाव 'कल्लिएना' असे आले आहे. चुकून तेथे आलेली ग्रीक गलबते तेव्हा पहाऱ्यात भडोचला नेत, असेही त्यात लिहिले आहे. बाजारपेठांची भांडणे काही आजची नव्हेत!

भल्या पहाटे निघा. म्हारळ, वरप, कांबा मागे टाकून रायत्याच्या पुलावर उल्हास नदी ओलांडली की भातखाचरे सुरू होतात. मुरबाडवरून सरळगाव, टोकावडे करीत वैशाखरे गाठावे. तेथून पायवाट घाटाला लागते. चढ दोन तासांचा, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना खालीच सावलीला बसवावे. चढून गेलात की खडकात कोरलेली गुहा लागते. तिच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा लेख आहे. यज्ञात हजारांनी गायी दान दिल्याचा त्यात हिशेब आहे. आकडे कोरलेले आहेत, ते मुलांना दाखवा. राजाराणीच्या मूर्ती मात्र आता उरल्या नाहीत, नुसती नावे राहिली आहेत. माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे लोक सांगतात.

आता म्हसा. मुरबाडला परत येऊन कर्जतच्या वाटेला लागायचे. खांबलिंगेश्वराची, लोकांच्या तोंडी म्हसोबाची, ही जत्रा बैलबाजारासाठी नावाजलेली. नुसते हिंडायचे असेल तर संध्याकाळ बरी. पण बैल घ्यायचा असेल तर घाटाचा नाद त्या दिवशी सोडा आणि उजाडता उजाडता थेट बाजार गाठा. दुपारनंतर उरलेली जनावरे उरतात.

हे मी ठेच लागल्यावर सांगतो आहे. माझ्या थोरल्या भावाने एका बाजारातून देखणे खिल्लार खोंड आणले. उंच शिंगे, पांढरेशुभ्र अंग, सारा गाव बघायला आला. पहिल्याच चिखलणीला ते गुडघ्यावर बसले. खिल्लार हे सोलापूर-सांगलीकडच्या कोरड्या रानाचे जनावर, पळण्यात पटाईत. आपल्या पावसात आणि चिखलात डांगीच टिकतो. त्याच्या कातडीला तेलकटपणा असतो, पाणी अंगावर ठरत नाही, आणि खूर काळे व कणखर असतात. चालायला मंद, पण काम थांबवत नाही. शर्यतींवर २०१४ साली आलेली बंदी डिसेंबर २०२१ मध्ये उठली, तेव्हापासून देखण्या पळाऊ खोंडांचे भाव वेगळेच झाले आहेत. शेतकामाला बैल हवा असेल तर त्या गर्दीकडे फिरकू नका.

दात पाहाच, पण जनावर चालवूनही पाहा, दोन्ही डोळ्यांपुढे हात फिरवा, खूर उचलून बघा. उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरवायची जुनी रीत तुम्हांला जमत नसेल तर भाव उघड बोला, त्यात कमीपणा नाही. इसार देण्यापूर्वी घरच्या बाईला विचारा. वैरण तिलाच घालायची आहे. खरेदीची पावती घेतल्याशिवाय दावे हातात घेऊ नये.

उरल्या वेळात घोंगडीवाल्यांकडे जा. घोंगडी उजेडात उलगडून, वीण ताणून पाहा. विळे-कोयतेही येथे मिळतात. पोरांना पाळण्यात बसवायचे राहिले तर ती घरी जाईपर्यंत कुरकुर करतील, तेवढे पैसे बैलाच्या पैशांतून आधीच वेगळे बांधून ठेवा.