देश तोच, पुढचं कोण?

खानदेश हा शब्द मधोमध फोडला की मागच्या तुकड्याबद्दल कुणाची तक्रार नसते. देश तो देश. भांडण सगळं पूर्वपदाचं.

पुस्तकी व्युत्पत्ती सरळ आहे. तापीकाठी थाळनेरला मलिक राजाने फारुकी घराण्याची गादी मांडली, त्याच्या मुलाला, नसीरला, गुजरातच्या अहमदशहाने 'खान' हा किताब दिला, आणि त्या खानाचा देश तो खानदेश. षष्ठी तत्पुरुष, सुटला समास. पण आमच्याकडे हा विग्रह सगळ्यांच्या गळी उतरत नाही. कुणी म्हणतं मुळात कान्हदेश, कृष्णाचा. इथले अहिर गोपाळच ना, अहिराणी त्यांचीच ना! श्रावणात कानबाई बसते, रोट होतात, तेव्हा या पक्षाला पुरावा ताटातच वाढलेला दिसतो. (कानबाईपासून कान्ह्यापर्यंत पोचायला मधे बऱ्याच उड्या माराव्या लागतात.) त्याहून आधी, यादवांच्या दिवसांत, यातला बराच मुलूख सेऊणदेशात मोडे.

मला यात अकबराची खोड आवडते. 1601 मध्ये असीरगड घेतल्यावर त्याने मुलाच्या, दानियालच्या, नावावरून सुभ्याला 'दानदेश' म्हटलं. एकच अक्षर बदललं! 'आईन-ए-अकबरी'त सुभा त्याच नावाने आहे. पुढे दानियाल बुऱ्हाणपुरात दारूपायी गेला, आणि लोकांच्या तोंडी 'ख' होता तिथेच राहिला.

असल्या वादांसाठी धुळ्यासारखं गाव नाही. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला इथेच गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं आणि त्यांचा धातुकोश, व्युत्पत्तिकोश त्याच घराने छापला. ताम्रपट तपासावा तसा ते शब्द तपासत. त्यांच्या काही व्युत्पत्त्या आज वाचताना हसू येतं, पण शब्दाला असं हटकायला छाती लागते.

सरकारने मात्र हा समास कधीच निकालात काढला. 1906 मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले, महाराष्ट्र राज्य आल्यावर त्यांचे जळगाव आणि धुळे, 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा. आता या नावाचा एकही जिल्हा नाही. नाव पाट्यांवर मात्र जोरात आहे. पुण्यात शेवभाजीच्या हॉटेलात गल्ल्यावरच्या रावेरकडच्या गड्याला मी विचारलं, खान की कान्हा?

"भाऊ, तिखट कितलं टाकू ते सांगा."