उत्तरेची खिडकी

भाचीने फोनवर दाखवलेला फोटो इर्व्हिंग पेनचा होता, 1950 सालचा, पॅरिसमधला. “आत्या, अस्संच हवं.” तिच्याकडे त्यासाठी 3000 रुपये होते. नोकरी सोडून तिने म्हैसुरात लग्नाकार्यांसाठी जुन्या रेशमी साड्या भाड्याने द्यायचा उद्योग मांडला होता. पहिला माल म्हणजे माझ्या आईची जांभळी म्हैसूर सिल्क. घरभाडं तिच्या शिलकीतून जात होतं, म्हणून मी हसले नाही.

फोटो नीट वाचला (मला दुसरं काय येतं?) आणि धीर आला. ‘व्होग’साठी काढलेल्या त्या फोटोंच्या मागे थाटमाट नव्हताच. वरच्या मजल्यावरची खोली, दिवसाचा उजेड आणि पाठीमागे नाटकाचा एक जुना पडदा. श्रीमंती होती ती कपड्यांत आणि पेनच्या नजरेत.

आमच्या मागच्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे. तिथे ऊन थेट येत नाही. देवराज मार्केटच्या बाजूने ट्रेसिंग पेपर, थर्माकोलचे तक्ते आणि काळं कापड आणलं. वडिलांची दोन धोतरं जोडून चहाच्या पाण्यात बुडवली. रंग डागाडागांनी चढला, ते बरंच झालं. खिडकीला पेपर लावला की अख्खी खिडकीच दिवा होते. उजेड जितका मोठा आणि जवळचा, तितकी सावलीची कड मऊ. फ्लॅश मारला तर जर पांढरीफटक दिसायची आणि रेशमाचं प्लास्टिक व्हायचं. म्हैसूर सिल्कचं सूत पिळाचं असतं. या मऊ उजेडात त्याची बारीक क्रेप उठून आली. दुसऱ्या बाजूला काळं कापड धरल्यावर निऱ्यांना खोली आली. एकूण खर्च 1140 रुपये.

अडलं ते चेहऱ्यावर. भाची मान ताणून, थंड नजरेने उभी राहिली. पेनच्या मॉडेलला शोभणारी ती बेफिकिरी हिच्या तोंडावर बस चुकल्यासारखी दिसत होती. माझ्या पहिल्या मसुद्यांचं हेच होतं: शब्द सगळे येतात, सूर मूळ भाषेतच राहतो.

निऱ्या सारखी करता करता आई म्हणाली, “जगनमोहन पॅलेसातली ती दिवेवाली आठव की गं. तिला कुणाला काही विकायचं नाही.”

ते चित्र रविवर्म्याचं समजून बघणारे पुष्कळ. ते आहे सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं, 1945-46च्या सुमाराचं, तेही जलरंगात. उभी आहे त्यांची लेक गीता. ज्योतीआड धरलेल्या हाताची बोटं आतून लाल दिसतात, आणि सगळं लक्ष त्या हातांकडे जातं. घरातली मुलगी आणि एक दिवा. पेनपेक्षाही स्वस्तात.

भाचीला म्हटलं, उभी राहू नकोस, पदर पिनअप कर. ती पिन शोधत खिडकीकडे वळली आणि फोटो मिळाला.

लॅपटॉपवर मोठा करून पाहिला तेव्हा खांद्याखाली रफू दिसलं. बोटभर लांब, आईच्या हातचं, पन्नासेक वर्षांपूर्वीचं. मला तेच सगळ्यात आवडलं. मी त्यावर बरंच काही बोलले, सांधा लपवू नये वगैरे.

“तुझ्या पुस्तकात ठेव सांधे,” आई म्हणाली. “कुणाच्या लग्नात पोरगी ही नेसणार. तिने का म्हणून फाटकं नेसल्यागत वावरायचं? पूस गं ते.”

“पण आजी, साडी हातात आल्यावर कळेलच की. खोटं कसं दाखवू?”

आई गप्प झाली. मग साडी काढायला लावून ती चष्मा घेऊन खिडकीशी बसली. पदर एक घडी आत घेऊन, रफू कुठे झाकलं जातं ते पाहत राहिली. उजेड साडेचारपर्यंत टिकणार होता. मी कॅमेरा परत स्टँडवर चढवला.