पवनीचे उंबर आणि दुकानातील मायफळ

वैनगंगेच्या काठी वसलेली पवनी ही भंडारा जिल्ह्यातील अतिप्राचीन नगरी. जुना तट, तटाबाहेरचा खंदक, गल्लोगल्ली देवळे आणि नदीकडे उतरणारे घाट असे तिचे रूप आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथील जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले, तेव्हा मौर्यकाळापर्यंत मागे जाणारा बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी कठड्याच्या स्तंभांवर वृक्षपूजेची शिल्पे आहेत. बोधिवृक्ष म्हणजे पिंपळ. आणि पिंपळ, वड, उंबर ही एकाच कुळातील भावंडे.

जैन घरातील मुलाला ही नावे निराळ्या निमित्ताने पाठ असतात. वड, पिंपळ, उंबर, पाखर व कठूमर ही पंच उदुंबरे. आचार्य अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ ग्रंथात मद्य, मांस व मध यांच्यासोबत या पाच फळांचा त्याग सांगितला. श्वेतांबर परंपरेच्या बावीस अभक्ष्यांतही ती मोजली जातात. त्यांत त्रस जीव असतात, हे कारण. भिंगाखाली उंबर फोडून पाहणाऱ्यास या कारणात तसूभरही अतिशयोक्ती आढळत नाही.

उंबराचे फूल दिसणे दुर्मीळ, असे आपण म्हणतो. पण ती फुले असतात शेकड्यांनी, फळाच्या आतल्या अंगाला. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातील, तिळाहूनही लहान अशी मादी फळाच्या टोकावरील चिंचोळ्या वाटेने आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. काही फुलांवर ती सोबत आणलेला पराग टाकते. त्यांचे बी होते. काहींच्या बीजकोशात अंडी घालते. ती फुले फुगून त्यांच्या गाठी होतात, आणि प्रत्येक गाठीत एक अळी वाढते. बिनपंखी नर आधी बाहेर येतात, गाठीतच असलेल्या माद्यांशी मीलन करतात, फळाला भोक पाडतात व मरतात. माद्या नवा पराग घेऊन त्या वाटेने उडून जातात. त्यांचे उर्वरित आयुष्य एकदोन दिवसांचे. तेवढ्यात दुसरे झाड गाठले नाही तर सारे व्यर्थ. उंबरातले किडे म्हणून आपण ज्यांना हिणवतो, त्यांच्यावाचून उंबराला बी धरत नाही. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी. पिकलेली फळे हरियाल आणि वटवाघळे खातात.

उंबराच्या पोटात जे लपून होते, तेच तुर्कस्तान, इराण या देशांतील एका ओक वृक्षाच्या डहाळीवर उघड्यावर होते. तेथेही एक बारीक माशी कोवळ्या कोंबात अंडे घालते. झाड त्याभोवती बोराएवढी कठीण, तुरट गाठ वाढवते. ही गाठ वाळवून जहाजाने आपल्याकडे येते. नाव मात्र मायफळ. फळ ते नव्हेच. घरोघरच्या बाळगुटीत ते उगाळले जाते, आणि काष्ठौषधींचा व्यापार करणाऱ्या आपल्या कित्येक पेढ्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या तोलले आहे.

या मालाची प्रत ठरते ती एका छिद्रावरून. कीटक गाठ पोखरून बाहेर पडला की गाठ फिकट व हलकी होते, तिच्यातील तुरट द्रव्य घटते, भाव उतरतो. कीटक आत असतानाच तोडलेली गाठ निळसर, जड आणि महाग. म्हणजे उत्तम प्रतीचे मायफळ म्हणजे आत जीव मेलेले मायफळ. पंच उदुंबरांना हात न लावणाऱ्या घराच्या दुकानात बिनछिद्राच्या मालाला अधिक दाम मिळतो, ही गोष्ट जुन्या व्यापाऱ्यांना ठाऊक नसेल असे नाही. परंतु तिची चर्चा क्वचितच होते. वनस्पतीचा पदार्थ म्हणून तो सहज निभावून जातो.

औषधाचा निर्णय वैद्याचा. कातडी कमावणे आणि कापड रंगविणे यांसाठी मात्र जो तुरटपणा लागतो, तो भंडाऱ्याच्या रानातल्या हिरड्यातही भरपूर असतो, आणि हिरडा हे खरोखरीचे फळ आहे. मायफळाची नवी गोणी फोडताना मूठभर दाणे उजेडात धरावेत: छिद्राचे एकीकडे, बिनछिद्राचे दुसरीकडे. दुसरा ढीग बहुधा मोठा निघतो, कारण खरेदी करताना तोच मागितलेला असतो.