वाडा बाजीरावाचा, पण किती वर्षे?

पुण्यातल्या विश्रामबागवाड्याची माहिती कुणीही सांगू लागलं की सुरुवात दुसऱ्या बाजीरावापासून होते आणि बहुतेक वेळा शेवटही तिथेच होतो. हा वाडा मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, त्याच्याविषयी हाती लागेल ते वाचत आलो आहे, आणि आता माझं मत पक्कं झालं आहे: बाजीरावाने तो बांधला हे खरं, पण वाडा टिकला तो त्याच्यानंतर आलेल्या बिननावाच्या धन्यांमुळे. साधा हिशेब मांडून पाहू. सहाएक वर्षं काम चालून, दोन लाखांच्या आसपास रुपये खर्ची पडून, 1807च्या सुमारास वाडा उभा राहिला. 1817च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यात पुणं इंग्रजांच्या हाती गेलं. पुढच्या जूनमध्ये बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालीना आठ लाखांची नेमणूक घेऊन बिठूरला गेला. म्हणजे वाड्याचं सुख त्याला मिळालं दहाएक वर्षं, आणि त्यातूनही पंढरपूर, फुलगाव अशा ठिकठिकाणच्या मुक्कामांचे दिवस वजा करावे लागतात. (हा वाडा आज ज्या रस्त्यावर उभा आहे त्याला नाव मात्र थोरल्या बाजीरावाचं आहे. असले विनोद पुण्यालाच जमतात.)

त्यानंतर जे आले त्यांचा काळ कितीतरी मोठा आहे. 1821मध्ये दख्खनचा कमिशनर चॅप्लिन याने इथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. तिला पैसा लागला तो पेशव्यांच्या दक्षिणेतला. रमण्यात ब्राह्मणांना वाटली जाणारी रक्कम शास्त्र्यांच्या पगाराकडे वळली. राज्य बुडालं, पण राज्याचा एक खर्च वेगळ्या खात्यावर चालू राहिला, आणि तो चालला राजाच्याच घरात. मोल्सवर्थच्या शब्दकोशाच्या कामात ज्याचा हात होता तो कँडी पुढे या पाठशाळेचा प्रमुख झाला. 1851मध्ये पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झालं. तेच 1868मध्ये येरवड्याला जाऊन डेक्कन कॉलेज म्हणून नावारूपाला आलं. मागे वाड्यात हायस्कूल राहिलं. विसाव्या शतकात, 1930च्या सुमारास, नगरपालिका आली. घरपट्ट्या, पाण्याच्या तक्रारी, सभा, ठराव हे सगळं 1959पर्यंत याच छपराखाली चाललं. तळमजल्यावर टपाल कचेरीही कित्येक वर्षं होती. एका पेशव्याच्या दहा वर्षांसमोर हे सव्वाशेहून जास्त वर्षांचं वापरणं आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की मुक्कामाची वर्षं मोजून वास्तूचं मोल ठरत नाही. लोक पाहायला येतात ते दर्शनी भागातलं लाकूडकाम, कारकुनांची टेबलं नव्हेत. हे मला मान्य आहे. तो दर्शनी भाग खरोखर डोळे भरून पाहण्यासारखा आहे: खाली फुगीर, वर निमुळते होत गेलेले सुरूदार खांब, त्यांच्यावरची महिरप, पुढे झेपावलेला सज्जा, आणि तुळयांच्या टोकांशी कोरलेली नक्षी, जिच्यात सुताराने कुठेही हात आखडता घेतलेला नाही. पण हे काम आज आपल्याला दिसतं कसं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. शनिवारवाडाही पेशव्यांचाच होता, आणि त्याचा मान तर कितीतरी मोठा. तो 1828च्या आगीत गेला. तट, दरवाजे आणि जोती उरली. बुधवारवाडाही दुसऱ्या बाजीरावानेच बांधलेला. तो 1879च्या मे महिन्यातल्या आगीत जळून गेला आणि त्याचं आज नावच तेवढं शिल्लक आहे. विश्रामबागवाडाही त्याच आगीत सापडला. पूर्वेचा भाग जळाला, दर्शनी बाजू वाचली. तो वासुदेव बळवंत फडक्यांच्या इंग्रजांविरुद्धच्या बंडाचा काळ, त्यामुळे सरकारला या आगीतही बंडाचा वास आला. पुढे नगरपालिकेच्या आणि लोकवर्गणीच्या पैशाने जळका भाग पुन्हा उभा राहिला.

इथे एक चिवट वाचक मला अडवील. बुधवारवाडाही वापरातच होता. तिथे तर शहराचं वाचनालय होतं. शनिवारवाड्यातही इंग्रजांनी कैदी नि रुग्ण ठेवले होते. मग वापरामुळे वाडा टिकतो हे म्हणणं खरं कसं ठरेल? वापराने आग टळत नाही, हे उघड आहे. वापराने ठरतं ते आगीनंतर काय करायचं ते. कैद्यांसाठी छप्पर हवं म्हणून शहर हळहळत नाही. बुधवारवाड्यात तर उभं करण्यासारखं काही उरलंच नाही, आणि वाचनालयाने पुढे दुसरी जागा पाहिली. विश्रामबागेत अर्धी वास्तू शाबूत होती, तिथे पुण्याची मुलं शिकत होती, आणि वर्गणी देणाऱ्याला आपण कशाला पैसे देतो आहोत ते ठाऊक होतं. बिठूरला जाऊन अठ्ठावीस वर्षांपूर्वीच वारलेल्या पेशव्याच्या आठवणीसाठी तेवढी वर्गणी जमली असती असं मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शाळा आणि कचेऱ्या वास्तूची नासधूस करतात. फळ्या ठोकून खोल्या पाडतात, नक्षीवर तेलरंग फासतात, चौकात जुने कागद रचतात. जुन्या वाड्यांमधल्या कुठल्याही सरकारी कचेरीत हे दिसतं. म्हणून दुरुस्ती करताना नंतरची भर काढून टाकावी, हे मी अमान्य करत नाही. लाकडावरचा रंग खरवडलाच पाहिजे. माझं म्हणणं माहितीच्या फलकापुरतं आहे. पूर्वेचा भाग 1879 नंतरचा असताना सगळ्या वाड्याला पेशवेकालीन म्हणायचं, ही चूक आहे. फलकावर कोणता भाग कधीचा हे लिहावं. त्याखाली पाठशाळा, कॉलेज, हायस्कूल, नगरपालिका आणि टपाल कचेरी यांची सालं द्यावीत, बाजीरावाच्या सालांइतक्याच ठळक अक्षरांत.