एक नग

लेकीच्या एअर रायफलची गोळी नेमाच्या खाली पडायला लागली, तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. मी चाकणला नोकरी करतो. भोसरीपासून चाकणपर्यंत गल्लोगल्ली लेथ आहेत, ग्राइंडिंगवाले आहेत, हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्या आहेत. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचा फरक पडला तर इथं माल परत जातो. तो परत पाठवणाऱ्यांपैकी मीच एक, क्वालिटीत आहे. अशा पट्ट्यात एक स्प्रिंग, एक पिस्टन आणि एक सील, एवढाच संसार असलेली बंदूक दुरुस्त करायला माणूस मिळणार नाही?

चार महिने मिळाला नाही.

२०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं ब्रॉन्झ जिंकलं आणि लेकीच्या शाळेतल्या चार-पाच मुलींनी नेमबाजीला नावं दिली. त्यात ही एक. स्वप्निलचा प्रकार ५० मीटरचा, हिचा १० मीटरचा. मोठ्या स्पर्धांमध्ये आता सिलिंडरमधल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या रायफली असतात, त्यांची किंमत लाखांत जाते. आम्ही एका मोठ्या मुलीची जुनी, नळी मोडून ताणायची स्प्रिंगची रायफल घेतली. शिकायला ती पुरेशी होती.

तिचं काम समजायला सोपं आहे. नळी मोडली की पिस्टन मागे सरकतो, स्प्रिंग दबते. ट्रिगर ओढला की पिस्टन सुटतो, पुढची हवा दाबतो आणि ती हवा साडेचार मिलिमीटरची शिशाची गोळी ढकलते. समोरच्या कागदावर मधला ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. त्यामुळे प्रत्येक बार सारखा बसणं, हीच सगळी मागणी. जोर जास्त असून उपयोग नाही.

हे मला आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं, आणि ज्यांच्याकडे गेलो त्यांनाही कळत नव्हतं.

पहिल्यानं रायफल हातात घेतली, दोनदा रिकामीच उडवून पाहिली आणि भोकातून तेल सोडलं. म्हणाला, कोरडी पडली होती. घरी आणून लेकीनं बार काढला तर कानठळ्या बसणारा आवाज आणि नळीतून धूर. ती खूश झाली, मीही झालो. खरं तर आत डिझेल इंजिनातच होतं तेच झालं होतं: हवा झटक्यात दाबली की तापते, आणि तापलेल्या हवेत तेल पेटतं. तीस-चाळीस बारांत सील जळालं. शिवाय गोळीशिवाय उडवली की पिस्टनला अडवायला समोर हवेची गादी राहत नाही, तो थेट भिंतीवर आदळतो. दिवसभर डिझेल गाड्यांचे भाग तपासणाऱ्या मला धूर पाहूनही हे सुचलं नाही.

दुसऱ्यानं सील बदललं आणि वर मेहेरबानी म्हणून कडक स्प्रिंग घातली. "आता बघा, पत्र्यातून जाईल." आपल्याकडे शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर गनला परवाना लागत नाही. १० मीटरच्या स्पर्धेतल्या रायफलीला साधारण साडेसात ज्यूल पुरतात. पत्र्यातून न्यायची होती कुणाला? नळी मोडताना लेकीचा खांदा भरून यायला लागला. गोळ्या कागदभर पसरायला लागल्या. जुनी स्प्रिंग परत मागितली तर ती भंगारात गेली होती.

जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत ती खालून तिसरी आली. परतीच्या वाटेवर काही बोलली नाही. घराशी आल्यावर म्हणाली, "अब्बा, माझा हातच बिघडलाय." वाईट कारागीर वस्तू बिघडवतो हे ठाऊक होतं. तो वापरणाऱ्याचा स्वतःवरचा भरवसाही बिघडवतो, हे मला त्या दिवशी समजलं.

एक गोष्ट लिहू की नको, याचा विचार करत होतो. पण इथले वाचक समजून घेतील. ही रायफल घेऊन शहरात फिरणं मला सोपं नव्हतं. खांद्याला लांब पिशवी, डोक्यावर कधी टोपी आणि आधार कार्डावर माझं नाव. मी एक प्लास्टिकची फाइल केली: बिलाची झेरॉक्स, लेकीचं शाळेचं ओळखपत्र, स्पर्धेचं प्रमाणपत्र, नियमांचं पान. बायको म्हणायची, "एकटे जाऊ नका, पोरीला सोबत घ्या." एकदा नाकाबंदीत थांबवलं. हवालदारानं फाइल चाळली, लेकीला विचारलं, "कितवीत आहेस?" आणि शुभेच्छा देऊन सोडलं. काहीच झालं नाही. तरी पुढच्या चौकापर्यंत माझे हात हँडलवर घट्ट होते, आणि मागे बसलेल्या लेकीला ते दिसत असणार. कारागीर शोधायला दहा दुकानं फिरावी लागतात. मी पाचव्यालाच दमलो, त्याचं हे एक कारण.

मग कंपनीतल्या ओळखी काढल्या. स्प्रिंग बनवणाऱ्या एका शेडमध्ये विचारलं. मालक हसून म्हणाला, "किती नग?" एक. "एका नगासाठी मशीन लावायला अर्धा दिवस जातो, साहेब. हजार सांगा, उद्या देतो." त्याचं चूक नव्हतं. आमचा पट्टा हजारांनी मोजतो. नग बिघडला की बाजूला टाकायचा, नवा घ्यायचा. उघडून बघायची सवयच आम्हाला राहिलेली नाही.

वाट सापडली आळंदीला. कार्तिकीच्या गर्दीत एका फुगेवाल्यापाशी लेक थांबली. त्याच्या फळीवर चार एअर गन होत्या, सकाळपासून रात्रीपर्यंत बार चालू. मला एकदम वाटलं, ह्या बिघडत नसतील का? विचारलं. तो म्हणाला, "बिघडत्यात की. चाकणला म्हातारा हाय. स्टोव्हवाला."

चाकणच्या जुन्या गावात पत्र्याचं एक दुकान. आयुष्यभर रॉकेलचे स्टोव्ह, गॅसबत्त्या आणि सायकलचे पंप दुरुस्त केलेले बाबा. स्टोव्ह गेले, गॅसबत्त्या गेल्या, हाताला उरलं ते चामड्याचं वायसर कापायचं कसब. हवा दाबणारी कुठलीही नळी त्यांना कळते.

त्यांनी रायफल घेतली, मोडली आणि नळीला नाक लावलं. "त्याल कुणी घातलं ह्यात?" मी गप्प. मग लेकीला विचारलं, "कुठं बिनसतंय, तू सांग." मला नाही, तिला. ती सांगत गेली, ते ऐकत गेले. आधी लाकडी दस्त्याचे स्क्रू पाहिले, दोन ढिले होते. नळीच्या सांध्यावर कागदाचा कपटा ठेवून बार काढायला लावला. कपटा हलला नाही, म्हणजे तिथून हवा जात नव्हती. मग समोर साबणाची वडी ठेवली, लेकीनं पाच गोळ्या मारल्या. वडी चिरून त्यांनी दाखवलं: एक गोळी खोल, एक वर, एक त्याहून वर. "पोरीचा हात कशाला बिघडंल? बंदूक दर खेपेला निराळी बोलतीय."

मी म्हणालो, "बाबा, थोडा जोर वाढवता आला तर..."

"जोर पायजे तर दुसरीकडं जावा. मी सारखं करून देतो."

शिकंजात धरून, तोंड बाजूला ठेवायला सांगून त्यांनी ती उघडली. काढलेला प्रत्येक भाग वर्तमानपत्रावर ओळीनं मांडला. दुसऱ्यानं घातलेलं सील कडेनं चिरलं होतं. त्यांनी चामड्याचं वायसर कापलं, तेलात भिजत घातलं. स्प्रिंगचं माप चिठ्ठीवर लिहून दिलं: तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढे. आणि विचारलं, "नाव काय तुमचं?"

"शिकलगार."

त्यांनी चष्मा वर केला. "शिकलगार? आन हत्यार माझ्याकडं घेऊन आलाय?"

चेष्टाच होती, पण लागली. 'सैकल' म्हणजे हत्याराला चकाकी देणं, ते करणारा तो सैकलगर, त्याचा आपल्याकडे शिकलगार झाला. आमचे दादा सांगली भागात गावोगाव फिरून ऊसतोडीचे कोयते आणि बकरी ईदच्या सुऱ्या लावून द्यायचे. अब्बा कारखान्यात नोकरीला पिंपरीला आले, आणि दादांची सहाण गावाकडे गोठ्याच्या भिंतीला टेकून राहिली. त्यांच्या तोंडचं 'पाणी' हे पोलादाबद्दल असायचं. आम्ही त्याला हार्डनेस म्हणतो आणि मशीनवर वाचतो.

मापाची स्प्रिंग मिळाली एका मित्राकडून. मशीन सेट करताना त्यानं मधेच एक नग काढून दिला, त्यांच्याच भट्टीतून फिरवून. पण टोकं सपाट घासलेली नव्हती, आणि ती तिरकी राहिली तर पिस्टन तिरका ढकलला जातो. मी बाबांपुढे ठेवली. त्यांनी हाताचं चाक माझ्याकडे सरकवलं.

"घास. घाई करू नको. निळं पडलं तर पाणी उतरलं म्हणून समज."

'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. लेक चाक फिरवत होती, मी टेकवत होतो, दोन श्वासांनी पाण्यात बुडवत होतो. पहिल्यांदा कड किंचित पिवळी पडली आणि माझी छाती धडधडली. कंपनीत मी हजारो नग तपासले, एकही स्वतः घासला नव्हता. तास लागला. शेवटी त्यांनी ती काचेच्या तुकड्यावर उभी केली, डोळा लावून पाहिली आणि काही न बोलता तेलाचा फडका माझ्याकडे टाकला.

जोडणी झाल्यावर मागच्या भिंतीला कागद लावून लेकीनं पाच गोळ्या मारल्या. पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. ती बराच वेळ कागद हातात धरून उभी होती. मग म्हणाली, "म्हणजे हात ठीक होता."

हल्ली ओळखीचे पालक विचारतात, चांगला कारागीर ओळखायचा कसा. मी एवढंच सांगतो: आधी विचारतो, मग उघडतो. काढलेला भाग तुमच्या हातात देतो. आणि जे करू नये, त्याला नाही म्हणतो.

बाबांनी दीडशे रुपये घेतले. निघताना म्हणाले, "चैत्रात जत्रा सुरू व्हायच्या आधी फुगेवाल्यांच्या बंदुका येत्यात. माझी नजर आता पोचत नाय. ऐतवारी मोकळा असतोस का?"

मी लेकीकडे पाहिलं. तिनं माझ्या आधीच मान हलवली होती.